बाईसाहेबांना निरोप तरी आला

राळेगावच्या रस्त्यावरच्या बाभळींना पुन्हा कापूस लागला आहे. बाभळीला कापूस लागत नाही, हे लग्नानंतर इकडे आलेल्या माझ्या पुणेकर नवऱ्यालाही आता ठाऊक आहे. खचाखच भरलेले मेटाडोर जिनिंगकडे जातात, रस्त्यावर वाकलेल्या फांद्यांना घासतात आणि काट्याकाट्यावर एकेक पुंजका मागे ठेवून जातात. मग होळीपर्यंत तो तिथंच. कुणी काढत नाही, कुणाच्या कामाचा नाही. यंदा एसटीच्या खिडकीतून तो दिसला आणि मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी मळमळतंय का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं, त्यांनी पिशवीतून लिंबू काढून दिलं. लिंबू हुंगत मी माहेरच्या फाट्यावर उतरले.

रडण्याला कारण होतं. इंदूआत्या जाऊन याच दिवसांत वर्ष होतंय. आणि त्यात भर म्हणून यवतमाळच्या आमच्या बायकांच्या वाचक मंडळानं या महिन्याला नेमकी मी आत्याला वाचून दाखवलेली तीच कादंबरी निवडली आहे. मंडळाच्या ताईंचा फोन आला, “तू वाचलेली आहेस ना, मग तूच बोल. वाचक म्हणून तुझं मत सांग. फार जड नको.” माझं मत! त्या कादंबरीबद्दल मला माझं असं मतच राहिलेलं नाही. तिचं नाव काढलं की मला कडुनिंबाखालची सावली दिसते, भाकरीवर ठेचा घेऊन बसलेल्या बायका दिसतात आणि आत्याचा आवाज ऐकू येतो, “थांब वं पोरी. हे काही खरं नाही वाटत.”

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. मारेगावकडे दिलेली. दोन दिवाळ्या सासरी झाल्या, तिसरीला ती माहेरी आली आणि परत न्यायला कुणी आलं नाही. तिच्या नवऱ्यानं तोवर दुसरी आणली होती. का आणली, काय चुकलं, एवढंसुद्धा त्यानं सांगितलं नाही. भांडण नाही, काडीमोड नाही, कोर्टकचेरी नाही. आत्या आमच्या घरात राहिली, वावरात राबली, आम्हा भावंडांना वाढवलं. कपाळाला कुंकू रोज. सातवीपर्यंत शिकलेली होती आणि वाचनाचं वेड मात्र पदवीधरांना असतं त्याहून जास्त. राळेगावच्या लायब्ररीतून पुस्तक आणायचं आणि चुलीपाशी बसून वाचायचं. भाजी करपली की आई म्हणायची, “बाई, आज कोन्या राजाची लढाई होती?”

ती ज्या एका गोष्टीची वाट पाहत होती ती घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलत नव्हतं. त्यानं परत न्यावं असं तिला वाटत नव्हतं, ते दिवस केव्हाच सरले होते. त्यानं एकदा सांगावं, बस. बरं वाईट काहीही. माझ्या भावानं तिला साधा बटणांचा फोन घेऊन दिला तेव्हा तिनं मारेगावकडच्या एका जुन्या ओळखीच्या बाईला नंबर देऊन ठेवला होता. फोन ती वावरातही कमरेला खोचून न्यायची. आम्ही चिडवायचो, “आत्या, कलेक्टरचा फोन यायचा आहे काय?” ती म्हणायची, “येईनही. तुह्या बापाचं काय जाते?”

मी पहिलटकरीण म्हणून माहेरी आले ते वर्ष. सातवा सरलेला, बाहेर कपाशीची पऱ्हाटी अशी फुटलेली की सकाळी वावराकडे पाहिलं तर डोळे दिपावेत. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन हंगाम उरकल्यावर, असं तिनंच ठरवून टाकलेलं. “कापूस दिसते मले. अक्षर नाही दिसत. मंग आता काय अडलं?” अडलं होतं ते लायब्ररीतून आणलेलं जाडजूड पुस्तक. मी रिकामी, पोट घेऊन बसलेली. तेव्हा वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत वावराच्या बांधावर, धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली मी खाटेवर बसायची, पुस्तक पोटावर टेकवायची, आणि वेचणाऱ्या बायका भाकरीची गाठोडी सोडून भोवती बसायच्या. पोटातलं लेकरू मध्येच लाथ मारायचं, पुस्तक हलायचं, बायका हसायच्या. “तिले आवडून नाही राह्यलं,” आत्या म्हणायची. मुलगीच होणार हे तिनं गृहीत धरलं होतं. ती झालीही.

कादंबरी होती एका गढीवरच्या बाईसाहेबांची. सरदार मोहिमेवर उत्तरेत जातो आणि तिकडेच रमतो. तिकडे दुसरा संसार थाटतो. इकडे बाईसाहेब गढी सांभाळतात, दुष्काळ निभावतात, भाऊबंदांना पुरून उरतात आणि पानोपानी त्याची वाट पाहतात. भाषा अशी गोड की वाचताना जीभ सुखावते. गढीखालच्या नदीचं वर्णन मी दोनदोनदा वाचायची, बायकांनी कुरकुर केली तरी. मला आवडली होती ती कादंबरी, हे आधी सांगून ठेवते. आत्याच्या तोंडून तिची जी काही चिरफाड झाली ती सगळीच न्यायाची नव्हती.

धान्याची पेवं उघडायचा प्रसंग तिला फार आवडला. पेवात उतरणाऱ्या माणसाआधी बाईसाहेब आतली कोंडलेली हवा विषारी नाही ना हे पाहायला दिवा खाली सोडायला लावतात, तिथं तिनं मांडीवर थाप मारली. दुष्काळात गढीवरची वेगळी पंगत मोडून बाईसाहेब सगळ्यांसोबत आंबील पितात, तिथंही ती खूश. पण खिडकी आली की तिचं डोकं फिरायचं. लेखकाला खिडकीची भारी हौस. संध्याकाळ झाली की बाईसाहेब खिडकीत. पाऊस, थंडी, चांदणं, खिडकीत.

“इतके वर्सं एकाच खिडकीत उभी हाय,” आत्या म्हणाली. “पाय नसन दुखत काय हिचे?”

“अगं, ती वाट पाहते आहे.”

“वाट पाहाले उभं राहा लागते काय? वाट तं कामात पाह्यली जाते. भाकर थापता थापता. ह्या लेखकाच्या घरी कोनी बाई नाही काय?”

“लेखक मोठा आहे गं आत्या. बक्षिसं मिळालेली आहेत त्याला.”

“मंग त्याले खिडकीचंच भेटलं असन.”

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. मी लेखकाची बाजू घेऊन भांडले, म्हटलं की पुस्तकात सगळंच काम दाखवत बसलं तर कुणी वाचणार नाही. आत्यानं कबूल केलं नाही. तिचा आणखी एक आक्षेप होता की बाईसाहेब एवढ्या पुस्तकात एकदाही पोटभर हसत नाहीत. “टाकलेली बाई हसत नाही, हे कोनं सांगतलं याले? म्या तं लई हसली.” हे मात्र खरं होतं. आमच्या घरात सर्वांत मोठ्यानं हसायची ती आत्याच. ते हसू आता आमच्या घरात नाही, आणि घर चांगलं बांधलेलं, रंग दिलेलं असूनही मला ते रिकामं वाटतं. आई टीव्हीचा आवाज मोठा ठेवते.

त्या हंगामाची सुरुवात दरवर्षीसारखी सीतादहीनं झाली होती. पहिल्या वेच्याआधी पऱ्हाटीची पूजा करतात ती सीतादही. झाडाच्या बुडाशी पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि झाडाभोवती त्याच्याच बोंडातला कापूस ओढून धागा गुंडाळायचा. आमच्या घरची रीत अशी की हे वावराच्या लेकीनं करायचं, सुनेनं नाही. लेक सवाष्ण मात्र हवी. नांदवलेली नसली तरी नवरा आहे म्हणजे आत्या सवाष्ण. त्या लग्नाचा तिला उभ्या जन्मात एवढाच उपयोग झाला. माझ्या लहानपणी कुणी आगाऊ पाहुणी म्हणाली होती, टाकलेल्या बाईच्या हातून पूजा कशाला करता? आत्यानं हातातलं दही खाली ठेवलं नाही. “सीताही टाकलेलीच होती ना वं? मंग माह्यापरीस चांगली तुले कोन भेटन?” मला स्वतःला हे सवाष्ण-विधवा प्रकरण बिलकूल पटत नाही, आजही नाही. पण ताजा हिरवा चुडा भरून, दहीभाताचे हात पदराला न पुसता, वावराच्या मधोमध उभी असलेली आत्या मला फार सुंदर वाटायची. वर्षातून तेवढं एकदा ती कुणाची तरी कुणी असायची.

तर कडुनिंबाखाली आम्ही निरोपाच्या प्रसंगापर्यंत येऊन पोचलो. लेखकानं तिथं जीव ओतलाय. दिवेलागणीची वेळ, दूर नदीपलीकडे टापांचा आवाज, वेशीचा दरवाजा उघडतो, धुळीनं माखलेला घोडेस्वार आत येतो. हातात रुमालानं झाकलेलं तबक. तबकात सरदाराची पगडी. तो गुडघ्यावर बसतो आणि म्हणतो की सरदारांनी शेवटी तुमचं नाव घेतलं. मी वाचताना रडत होते. बायकांचे घास हातात राहिले.

मग बेबीबाई बोलली. ही त्या वर्षी पहिल्यांदाच आलेली. मारेगावकडची, गावातल्या बहिणीकडे वेचणीपुरती उतरलेली. आत्या कोण, कुठं दिलेली, तिला काही ठाऊक नव्हतं. आमच्या गावच्या बायका ही गोष्ट कुणाजवळ काढत नसत, म्हणून ठाऊक नव्हतं.

“असंच झालं आमच्या गावात,” ती म्हणाली. “एक म्हातारा होता. पयली बायको टाकली त्यानं, राळेगावकडची होती म्हणे. दुसरी केली. आता पोळ्याच्या आंधी मेला. पन त्या पयलीले कोनी निरोपही नाही धाडला. म्या म्हटलं बापा, कुत्रं मेलं तरी शेजाऱ्याले सांगते मानूस.”

कुणीतरी तिला कोपरानं ढोसलं. तिला कळलं नाही. पाणी घेऊन आलेल्या आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पोळा श्रावणाच्या शेवटी. सीतादही त्यानंतर झाली होती. हिरवा चुडा आत्याच्या हातात अजून नवाच होता.

आत्यानं विचारलं, “कशानं गेला?”

गोष्ट ऐकणाऱ्या बाईनं विचारावं तसंच विचारलं. बेबीबाईनं सांगितलं, लकव्यानं. वर्षभर अंथरुणावर होता.

“बोलत होता काय?”

“कायचा बोलते माय! जबानच गेलती त्याची. हातानं इशारे करे, कोनाले समजत नव्हते.”

“जबान गेलती,” आत्या म्हणाली. मग तिनं भाकरीचा तुकडा ठेच्याला लावला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली. कमरेचा फोन तिनं काढून खाटेवर माझ्याजवळ ठेवला. पदर खोचला, वेचणीचा ओटा, कापूस भरायची झोळी, कमरेला बांधला आणि उन्हात आपल्या ओळीवर जाऊन उभी राहिली. बाकीच्या बायका उठल्या तेव्हा ती निम्मी ओळ वेचून गेली होती. तो फोन तिनं पुन्हा वावरात नेला नाही. एरवी त्याची रिंग वाजली की ती हातातलं टाकून धावायची. आता वाजला तर आईला म्हणायची, “पाह्य वं कोन हाय.”

त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याचा नेहमीसारखा फोन आला. काय खाल्लंस, पाय सुजलेत का, लाथा मारतंय का. मी उत्तरं देत होते आणि पलीकडे आत्या दिव्याखाली तुरीच्या शेंगा सोलत होती. मला त्या फोनची लाज वाटली. माझं सुख तिच्यासमोर असं मोठ्यानं बोललं जाऊ नये असं वाटलं. फोन ठेवल्यावर तीच म्हणाली, “पोरी, तो निरोपाचा भाग परत एकदा वाच.”

मी वाचला. टापा, वेस, घोडेस्वार, तबक, पगडी. या वेळी रडू आलं नाही. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“बाईसाहेबाले निरोप तरी आला,” ती म्हणाली. “मानूस धाडला. पगडी धाडली. शेवटी नाव घेतलं म्हणते. आता पुढचं नको वाचू. तिचं भागलं.”

एक प्रकरण उरलं होतं. मी वाचलं नाही. तेव्हाही नाही, नंतर एकटीनंही नाही. पुस्तक लायब्ररीत परत गेलं.

आईनं मात्र त्या प्रसंगावर असा काही निकाल दिला की वकिलानं ऐकत राहावं. दोनतीन दिवस आत्यानं कुंकू लावलं नाही. पुसलं असं नाही, लावायचं राहून गेलं असं दाखवलं. चौथ्या सकाळी आई करंडा घेऊन तिच्यापुढे जाऊन बसली. “बाई, आपल्याले कोनी कळवलं काय? नाही. कागद आला काय? नाही. मंग आपल्या हिशोबानं तो जिता हाय. ज्यायनं सांगतलं नाही त्यायच्यासाठी आपण काहून पुसाचं?” आत्या हसली, तेच जुनं हसू, पण मध्येच तुटलं आणि ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढं एकदाच. आईनंच तिला कुंकू लावलं. नेहमीपेक्षा जरा मोठं लागलं.

कडुनिंबाखालच्या बायकांना कुणी काही सांगितलं नाही, बजावलं नाही. पण ती गोष्ट त्यांच्यापलीकडे गेली नाही. एरवी कुणाच्या घरी काय शिजलं हे संध्याकाळपर्यंत गावभर करणाऱ्या बायका! बेबीबाईला सत्य कळल्यावर ती आत्याच्या पाया पडायला आली होती. आत्यानं तिला उठवलं, चहा पाजला आणि विचारलं, “पुढच्या साली येशीन ना वेचाले?” ती दरवर्षी येत राहिली. आत्या दरवर्षी सीतादही करत राहिली. ऑपरेशन झालं, चष्मा आला, पुन्हा स्वतः वाचायला लागली. माझ्या लेकीला मांडीवर घेऊन ती कुठलं तरी पुस्तक मोठ्यानं वाचायची. राजाराणीची कादंबरी मात्र तिनं पुन्हा हातात घेतली नाही. ते मला अजून सलतं. निरोपापायी तिचं तेवढंही सुख गेलं.

गेल्या साली, वेचणी ऐन भरात असताना ती गेली. ताप आला, छातीत कफ भरला, यवतमाळला न्यायची गाडी दारात आली तोवर सगळं संपलं होतं. मी पोचले तेव्हा सकाळचं ऊन अंगणात उतरलं होतं आणि आत्याला बाहेर ठेवलं होतं. वेचणी थांबवून बायका आलेल्या, कुणाकुणाच्या केसांत कापसाची तुसं अजून चिकटलेली. न्हाऊ घालून झालं. आता लुगडं कोणतं, हा प्रश्न आला. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला आमच्याकडे हिरवं नेसवतात, चुडा भरतात, कपाळभर कुंकवाचा मळवट भरतात. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं काठी टेकवत सरळ विचारलं, “इंदीचा मानूस हाय का गेला? पक्कं माहीत हाय काय कोनाले? उगाच मळवट भरू नका बाप्पा, दोष लागते.”

बाबा खाली पाहत होते. आईच्या हातात हिरवं लुगडं होतं. घरात बसून दिलेला निकाल तिला तिथं, देह समोर असताना, उच्चारता येईना. कडुनिंबाखालच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. मला बोलायचं होतं, की भरा मळवट, नाहीतर राहू द्या, कुणाच्या असण्या-नसण्यावर तिला मोजू नका. मला रडण्यापलीकडे काही जमलं नाही.

तेवढ्यात बेबीबाई गर्दीतून पुढे आली. ती आत्याच्या नवऱ्याच्याच गावची आहे हे गावात सर्वांना ठाऊक होतं.

“हाय,” ती म्हणाली. “जिता हाय तिचा मानूस. परवाच्या बाजारात पाह्यला म्या. मारेगावच्या बाजारात. या डोळ्यानं पाह्यला.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. “मंग भाग्याची म्हणा लागन,” म्हणाला आणि काठी टेकवत बाजूला झाला.

आईनं मळवट भरला. बेबीबाई बांगड्या भरायला बसली. आत्याची बोटं वेचणीनं खरबरीत झालेली, सांधे सुजलेले. हिरव्या बांगड्या सहज चढेनात. बेबीबाई हातावर तेल लावून, दाबून, वळवून एकेक बांगडी चढवत राहिली आणि प्रत्येक बांगडीला तेच म्हणत राहिली, “झालं माय. झालं. झालं आता.”